अविन्योंला कसं जायचं

दक्षिण फ्रान्सला चार रात्रींसाठी जायचं, हे ठरायला दोन मिनिटं लागली. कसं जायचं आणि कुठे उतरायचं, हे ठरायला नऊ आठवडे गेले.

प्रस्ताव सासऱ्यांचा होता. ब्रॅकनेलला त्यांच्या घरी रविवारचं जेवण चालू होतं. आमटीची वाटी पुढे सरकवत ते म्हणाले, "यंदा मेअखेरीला फ्रान्स. चौघं. खालची बाजू. कोणाला काही अडचण?" कोणाला नव्हती. नवऱ्याने फोनवर सुट्ट्या तपासल्या. सासूबाई म्हणाल्या, "लिंबाचं लोणचं नेऊ. तिकडच्या जेवणाला चव असते, पण तिखट नसतं." ठराव मंजूर झाला.

सासरे ऐंशी ओलांडलेले. भूलतज्ज्ञ म्हणून तरुणपणी या देशात आले आणि टेम्सच्या खोऱ्यातल्या एका रुग्णालयात निवृत्त होईपर्यंत राहिले. सासूबाई त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. नवरा इथेच जन्मला, इथेच शिकला. आम्ही दोघं रीडिंगला राहतो. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी लग्नाआधी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर अकरा वर्षं काढली. आता घरी बसून इतरांचे अहवाल दुरुस्त करते.

चौघांत भारतीय पासपोर्ट फक्त माझा. म्हणजे फ्रान्सचा व्हिसा फक्त मला लागणार होता. त्या अर्जाला जाण्यायेण्याचं बुकिंग आणि राहण्याचं ठिकाण जोडावं लागतं. लंडनची अपॉइंटमेंट मला नऊ आठवड्यांनंतरची मिळाली. त्या सकाळपर्यंत सगळं कागदावर असायला हवं होतं. त्यामुळे प्रवास आखण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

मी तक्ता केला. डावीकडे वाहन, वर वेळ, बदल, चालणं, जिने. हीथ्रोहून मार्सेयला विमान: उड्डाण दोन तासांचं, पण घरापासून मुक्कामापर्यंत नऊ तास. सासूबाईंचे गुडघे विमानतळावरच्या रांगांत टिकत नाहीत. ट्रेन: रीडिंगहून पॅडिंग्टन, तिथून सेंट पँक्रस, समुद्राखालून लील, तिथे गाडी बदलून थेट अविन्यों. दिवस मोडतो, पण बसून मोडतो. पॅरिसमार्गे गेलं तर एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर बॅगा ओढत शहर ओलांडावं लागतं, म्हणून पॅरिस बाद. चौथा पर्याय स्वतःची गाडी. फोकस्टनपर्यंत मोटरवे, तिथून गाडीसकट समुद्राखालून कॅले, मग साडेनऊशे किलोमीटर दक्षिणेला, वाटेत एक रात्र. चार रात्रींपैकी दोन रस्त्यात. हा पर्याय मी तक्त्यात फक्त पूर्णतेसाठी ठेवला होता.

मुक्कामासाठी चार नावं होती. आर्ल लहान आणि सुंदर, पण लांबच्या गाड्या तिथे क्वचित थांबतात. नीममध्ये स्टेशन गावात आहे आणि रस्ते सपाट आहेत, पण लीलहून येणाऱ्या काही गाड्या गावाबाहेरच्या नव्या स्टेशनवर सोडतात. एक्सला वेगवान गाडीचं स्टेशन शहरापासून लांब, मध्ये बस. अविन्योंलाही ते बाहेरच आहे, पण तिथून शहरात जाणारी छोटी गाडी पाच मिनिटांत तटबंदीसमोर आणते. तटाच्या आत, स्टेशनपासून साडेतीनशे मीटरवर, लिफ्ट असलेलं हॉटेल मला सापडलं. साडेतीनशे मीटर मी नकाशावर तीनदा मोजले.

तक्ता घेऊन पुढच्या रविवारी ब्रॅकनेलला गेले. सासऱ्यांनी तो हातात घेतला, दूर धरला, जवळ घेतला, टेबलावर ठेवला.

"हे काय आहे?"

"पर्याय आहेत, बाबा. मला ट्रेन आणि अविन्यों बरं वाटतं."

"ट्रेनने फ्रान्स म्हणजे पोस्टकार्ड. स्टेशन, चौक, चर्च, परत स्टेशन." त्यांनी लुबेरॉनच्या डोंगरातल्या एका गावाचं नाव घेतलं. नवरा शाळेत असताना सलग सहा उन्हाळे ते तिथे एका दगडी घरात राहिले होते. मालकिणीची मुलगी आता ते घर भाड्याने देते. "घर तेच. तिथे बस नाही, स्टेशन नाही. गाडी पाहिजे. गाडी आहे."

"कोण चालवणार एवढं?" मी विचारलं.

"एवढं म्हणजे? मी कॅलेहून एका दमात ल्योन गाठलंय."

"बाबा, तेव्हा तू चाळीस होता," नवरा म्हणाला.

"आणि तू मागे ओकत होतास. आता नाही ओकणार, म्हणजे वेळ वाचेल."

सासूबाई हसल्या. मग म्हणाल्या, "बघू." आमच्या घरात बघू म्हणजे होकार नसतो आणि नकारही नसतो. विषय टेबलावरून उचलून फडताळात ठेवणं असतं.

त्या दिवशी आम्ही ट्रेनने आलो होतो. परत सोडायला सासरे स्वतः निघाले. नवरा आणखी तासभर थांबून त्यांच्या संगणकाचं काहीतरी करणार होता, म्हणून गाडीत आम्ही तिघंच: ते चालवायला, सासूबाई शेजारी, मी मागे. सासूबाई चालवत नाहीत. त्यांनी कधी शिकूनच घेतलं नाही. पण त्या गाडीत गप्प बसत नाहीत, ही आमच्या घरातली जुनी थट्टा. "लाल आहे." "सायकलवाला." "डावीकडून बाई येतेय." "आता हिरवा." सासरे यावर काही बोलत नाहीत. आम्हीही ते रेडिओसारखं ऐकतो.

ही सवय कुठून आली, तेही घरात सगळ्यांना माहीत आहे. फ्रान्समध्ये गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे इंग्लंडची गाडी तिकडे नेली की चालवणारा रस्त्याच्या कडेला पडतो आणि शेजारचा मधल्या रेषेकडे. पुढे ट्रक असला तर पलीकडून काय येतंय ते चालवणाऱ्याला दिसत नाही, शेजारच्याला दिसतं. त्या सहा उन्हाळ्यांत प्रत्येक ट्रक सासूबाईंच्या शब्दावर ओलांडला गेला. त्या "मोकळं" म्हणाल्या की ते पाय दाबत, "थांबा" म्हणाल्या की मागे राहत. त्यांचा हिशेब एकदाही चुकला नाही, असं सासरे पाहुण्यांना सांगत. इंग्लंडला परत आल्यावरही ते बोलणं सुटलं नाही, एवढंच आम्ही समजत होतो.

त्या संध्याकाळी मला करण्यासारखं काही नव्हतं. फोनची बॅटरी संपली होती. मी ऐकत बसले, आणि डेस्कवरच्या सवयीने क्रम लावत गेले. आधी शब्द येत होता, मग ब्रेक. एकदा नाही, प्रत्येक वेळी. "लाल" म्हटल्यावर गाडीचा वेग कमी होई. शब्दाआधी कधीच नाही. राउंडअबाउटपाशी त्या "मोकळं" म्हणेपर्यंत गाडी उभी राहिली, रस्ता रिकामा असतानाही.

वोकिंगमच्या पुढे सासूबाईंना खोकला आला. कोरडा, सलग खोकला. त्यांनी पदर तोंडाशी धरला. समोर झेब्रा क्रॉसिंग होतं. एक बाई पुशचेअर, म्हणजे बाबागाडी, घेऊन रस्त्यावर उतरली होती. गाडीचा वेग जरासुद्धा उतरला नाही. बाईने पुशचेअर मागे खेचली, आम्ही तिच्यासमोरून गेलो. ती काहीतरी ओरडली. काच बंद होती.

थोड्या वेळाने सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "खोकला आला हो."

त्या माफी मागत होत्या. मी ते वाक्य रीडिंगपर्यंत उलटसुलट करून पाहिलं, दुसरा अर्थ निघेना.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. त्याने आधी मान हलवली. "आई नेहमीच करते ते. फ्रान्सपासून."

"आज आईंनी केलं नाही. म्हणून तर कळलं."

"एक वेळ. वन्स. माझं लक्ष पण जातो कधी."

"मग तू विचार त्यांना."

"काय विचारू? बाबा, तुझा डोळा चालत नाही का, असं? ते माझ्याशी महिना बोलणार नाहीत."

मी विचारावं, हेही त्याला सुचलं नाही आणि मलाही पटलं नसतं. अकरा वर्षांत मी नगरसेवकांना, ठेकेदारांना, एका कुलगुरूंना फोन करून नको ते प्रश्न विचारले होते. सासऱ्यांना डोळ्यांबद्दल विचारायला सून म्हणून मला वाक्य तयार करता येत नव्हतं. तयार होई, पण शेवटी आदरार्थी क्रियापद लागलं की त्यातून प्रश्नच निघून जाई.

दोन आठवड्यांनी नवऱ्याने स्वतःच एक चाचणी घेतली. इथे गाडी चालवणाऱ्याला वीस मीटरवरून नंबरप्लेट वाचता यावी लागते. सत्तरीनंतर परवान्याचं दर तीन वर्षांनी नूतनीकरण होतं, आणि आपल्याला नीट दिसतं हे फॉर्मवर आपणच सांगायचं असतं. नवरा वडिलांबरोबर अंगणाच्या टोकाला उभा राहिला आणि सहज बोलल्यासारखं म्हणाला, "बाबा, बेट लाव. समोरचा लाल गाडीचा नंबर वाच."

सासऱ्यांनी अक्षरं आणि आकडे धडाधड सांगितले. सगळे बरोबर. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती.

ती गाडी शेजाऱ्यांची होती. नऊ वर्षं तिथेच उभी राहते. तो नंबर मलाही पाठ होता.

त्यानंतर आम्ही दोघांनी, एकमेकांना तसं न म्हणता, एक धोरण ठरवलं. डोळ्यांचा विषय काढायचा नाही. फ्रान्सची सहल अशी आखायची की गाडीचा प्रश्न उभाच राहू नये. स्टेशनलगतचं हॉटेल, ट्रेनची तिकिटं, बसचे दौरे. मी तक्ता पुन्हा केला. अविन्योंहून आर्लला स्थानिक गाडी, नीमला स्थानिक गाडी, रोमन पुलाला बस. सासऱ्यांच्या डोंगरातल्या गावाला टॅक्सी, एक दिवस, जाऊन येऊन. गाड्यांचे बदल मी इतक्या वेळा तपासले की लीलचे फलाट डोळे मिटूनही दिसू लागले. रोज काहीतरी नवं निघे: एखादी गाडी उन्हाळी वेळापत्रकात नसे, एखादी बस रविवारी नसे. मी कामाचे अहवाल बाजूला टाकून फ्रेंच वेळापत्रकं वाचत बसे. जेवताना उठून परत एकदा पाहून येई. एक वाक्य बोलायचं टाळण्यासाठी इतकी मेहनत मी कोणत्याही बातमीसाठी केली नव्हती.

आणि मी खोटंही बोलले. फोनवर सासऱ्यांना सांगितलं, "बाबा, व्हिसाचा नियम आहे. ट्रेन किंवा विमानाचं तिकीटच लागतं, आणि हॉटेल शहरातलं हवं. स्वतःच्या गाडीने म्हटलं तर अर्ज अडकतो."

"असं?" ते म्हणाले. "नियम बदलले असतील."

मी फोन ठेवला. बातमी खोटी आहे हे माहीत असताना दिलेली ही माझी पहिली बातमी.

तीन दिवसांनी त्यांचा ईमेल आला. दोन जोडण्या होत्या. एक डोंगरातल्या घराचं बुकिंग, चौघांच्या नावाने. दुसरी समुद्राखालून गाडी नेण्याचं बुकिंग, त्यात गाडीचा नंबर आणि चालक म्हणून त्यांचं नाव. खाली दोन ओळी: "माझा पासपोर्ट बदलण्याआधी मी हा व्हिसा चार वेळा काढलाय, चारही वेळा गाडीचे कागद लावून. परवा पुन्हा विचारून घेतलं, अजूनही चालतात. अर्जाला जोड."

त्यांनी मला खोटारडी म्हटलं नव्हतं. फक्त दुरुस्ती पाठवली होती.

नवरा म्हणाला, "आता?"

"आता तू बोल."

"तू पण बोलू शकतो."

"तुझे वडील आहेत."

"तुझा व्हिसा आहे."

असं आमचं दोन दिवस चाललं. या सगळ्या आठवड्यांत सासरे दर गुरुवारी सासूबाईंना घेऊन वाचनालयात जात होते, शनिवारी भाजी आणत होते, आणि शेजारच्या एका विधवा आजींना दवाखान्यात सोडत होते. प्रत्येक गुरुवारी आणि शनिवारी दुपारी मी काहीतरी निमित्त काढून त्यांच्या घरी फोन करी. त्यांनी उचलला की ठरवलेलं निमित्त विसरून जाई.

अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी मी ब्रॅकनेलला मुक्कामाला गेले. सहलीचा खर्च आपण करतोय असं त्यांच्या सहीचं पत्र सासऱ्यांना अर्जासोबत द्यायचं होतं, आणि तिथूनही लंडनला थेट गाडी आहे. माझ्या फायलीत दोन संच होते. वर त्यांचा: डोंगरातलं घर आणि गाडी. खाली माझा: ट्रेनची आणि हॉटेलची बुकिंग, रद्द करता येण्याजोगी. सवयीने मी बातमीच्या दोन प्रती तयार ठेवल्या होत्या. कोणती जाणार हे ठरलं नव्हतं.

चारच्या सुमाराला सासरे वरच्या खोलीत पडले होते. सासूबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. मी समोर बसून जुडी उचलली.

"आई, बाबांना किती दिसतं?"

त्यांनी काडी मोडली. "दिसतं की."

"आई."

"कडेचं दिसतं. मधलं पुसल्यासारखं होतं." त्या पानं खुडत राहिल्या. "तुझा चेहरा बघायचा असला की ते तुझ्या कानाकडे बघतात. तुला कळलं नाही?"

मला वाटायचं ते माझी नजर टाळतात. "कधीपासून?"

"दोन हिवाळे झाले."

"त्यांनी दाखवलं का कोणाला?"

"दाखवलं. एकटेच गेले होते. येऊन म्हणाले, वयाचं आहे. ते डॉक्टर आहेत बाई, त्यांना मी काय विचारणार?" मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "आणि मी असते ना शेजारी. मी कधी चुकले नाही."

"म्हणूनच कोणाला कळलं नाही."

"कळून काय करणार होतात? गाडी बंद करणार. मग ते घरात बसणार. घरात बसलेला भूलतज्ज्ञ बघितलायस कधी? दिवसभर माझ्या श्वासांवर लक्ष ठेवतील." त्या हसल्या, मी हसले नाही. "हसायला हरकत नाही गं."

"आई, त्या दिवशी झेब्रावर पुशचेअर होती."

"मी पाहिली."

"तुम्हाला खोकला आला होता."

"हो."

"फ्रान्समध्ये साडेनऊशे किलोमीटर आहेत. परत येतानाही तेवढेच. तुम्हाला डुलकी लागली तर? नुसती शिंक आली तर?"

उरलेली मेथी चाळणीत टाकली, नळाखाली धरली आणि गरजेपेक्षा बराच जास्त वेळ धुतली. रात्री जेवताना त्या नेहमीसारख्याच होत्या. सासऱ्यांनी ल्योनच्या दक्षिणेला कुठे थांबायचं ते सांगितलं. त्या "बघू" म्हणाल्या.

सकाळी पावणेनऊला सासऱ्यांनी गाडी काढली. स्टेशन चालत वीस मिनिटांवर आहे, पण पाहुण्याला चालत पाठवणं त्यांच्या हिशेबात बसत नाही, सून असली तरी. मी मागचं दार उघडून बसले. फाईल मांडीवर. सासूबाई बाहेर आल्या, कुलूप लावलं, गाडीच्या पुढून वळसा घातला आणि मागचं दुसरं दार उघडून माझ्या शेजारी बसल्या. पट्टा लावला.

सासऱ्यांनी आरशात पाहिलं. त्यात त्यांना काय दिसलं असेल, मला माहीत नाही.

"पुढे ये की."

"नको. आज मागे बसते."

"का?"

"मागून कसं दिसतं ते बघायचंय."

"अगं, तिची गाडी आहे नऊ बाराची. थट्टा नको."

"थट्टा नाही हो. चला तुम्ही. मी काही बोलणार नाही."

इंजिन चालू होतं. सासऱ्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर ठेवले होते. गाडी घराच्या फाटकाशी उभी होती, पुढे रस्ता, रस्त्यावर शाळेला निघालेली मुलं आणि एक पोस्टाची गाडी. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांचा उजवा हात फायलीवर, माझ्या हाताशेजारी होता. मला बोलायला हवं होतं. इतके आठवडे टाळलेलं वाक्य तेव्हा पूर्ण तयार होतं. मी ते बोलले नाही. त्यांच्या दोघांमध्ये माझ्या वाक्याला जागा नव्हती.

किती वेळ गेला मी मोजला नाही. सासऱ्यांनी इंजिन बंद केलं.

"चालत किती लागतील?" त्यांनी समोर बघतच विचारलं.

"वीस मिनिटं, बाबा."

"मग तुला निघायला हवं." मग म्हणाले, "ती फाईल दे जरा."

मी दिली. त्यांनी ती चाकावर टेकवून उघडली. कागद एकेक उचलून डोळ्यांशी नेले, मान तिरकी करून कडेने पाहिले, खाली ठेवले. चौथ्या कागदानंतर त्यांनी सगळी चळत मागे धरली, आमच्या दोघींच्या मधोमध.

"यातले माझे काढ," ते सासूबाईंना म्हणाले.

सासूबाईंनी घराचा कागद काढला, गाडीचा काढला. सहीचं पत्रही काढू लागल्या, तेव्हा मी म्हटलं, "ते राहू दे, आई. ते लागेल." त्यांनी दोन कागदांची घडी घालून पर्समध्ये ठेवली. पत्रात एका ओळीत गाडीचा उल्लेख होता. सासऱ्यांनी पेन मागून घेतलं आणि म्हणाले, "कुठे आहे सांग." मी त्यांचं बोट ओळीवर ठेवलं. त्यांनी ती खोडली आणि शेजारी आद्याक्षरं केली, रुग्णालयातल्या केसपेपरवर करत असतील तशी.

मी भरभर चालत गेले. नऊ बाराची मिळाली.

परवाना त्यांनी त्या दिवशी परत केला नाही. त्याला आणखी सोळा दिवस लागले. त्या सोळा दिवसांत गाडी फाटकाशी उभी होती आणि सासरे घरात येरझाऱ्या घालत होते. दिवसाला तीन फोन मला. लीलला बदल चाळीस मिनिटांचा आहे, तो कमी नाही का? फलाट बदलला तर? अविन्यों कशाला, नीम का नाही? नीमला उतरून हॉटेल चालत गाठता येतं, तुझ्या अविन्योंला उतरून परत छोट्या गाडीत बसायचं, हे कसलं नियोजन? मी म्हटलं, नीमची गाडी गावाबाहेर सोडू शकते. ते म्हणाले, "तिकिटावर स्टेशनचं नाव लिहिलेलं असतं, वाचता येत नाही का तुला?" मग स्वतःच थांबले. मग म्हणाले, "बरं, अविन्यों. पण जाताना मला खिडकी नको. कडेची सीट दे. मला उठता यायला पाहिजे."

पंधराव्या दिवशीच्या एका फोनमध्ये त्यांनी मध्येच विचारलं, "त्या झेब्रावर. मूल होतं का पुशचेअरमध्ये?"

"होतं, बाबा."

"हं," ते म्हणाले, आणि लीलच्या फलाटांकडे वळले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याला बोलावून परवाना परत करायचा फॉर्म भरायला लावला.

मेअखेरीला आम्ही ट्रेननेच गेलो. लीलला गाडी वेळेवर होती. मी सीट निवडल्या होत्या: सासूबाई खिडकीशी, सासरे कडेला, आम्ही समोर. सासरे बसले नाहीत. पहिल्या दोन तासांत ते डब्यात सहा वेळा फिरून आले. प्रत्येक वेळी येऊन मला विचारत, "कुठे आलो?" मी सांगे. "वेग किती असेल?" मी अंदाज देई. "चालवणाऱ्याला काही करायला लागत नसेल इथे," ते म्हणाले. नवरा म्हणाला, "लागतं, बाबा. खूप लागतं." "तुला काय माहीत," सासरे म्हणाले.

ल्योन मागे पडलं. त्यानंतर डोंगर जवळ आले, द्राक्षाच्या रांगा सुरू झाल्या, शेजारून मोटरवे धावू लागला आणि त्यावर ट्रकांची माळ. सासरे सातव्यांदा परत आले आणि सीटच्या पाठीला धरून उभे राहिले. मान तिरकी करून ते खिडकीकडे पाहत होते.

"काय दिसतंय गं?" त्यांनी विचारलं.

सासूबाई झोपल्या होत्या. डोकं काचेला टेकलेलं, तोंड किंचित उघडं, चष्मा मांडीवर. ल्योनच्या आधीच कधीतरी झोपल्या असाव्यात. नवऱ्याने त्यांना हलवायला हात पुढे केला.

"नको," सासरे म्हणाले. ते कडेच्या सीटवर हलकेच बसले, सीट हलू नये अशा बेताने. "फ्रान्समध्ये ही कधी झोपलेली नाही."

अविन्योंला अजून पाऊण तास होता. ते बायकोच्या श्वासांकडे कान देऊन बसले आणि तेवढा वेळ पुन्हा उठले नाहीत.